पाहुणा आलाच नाही

त्या सोमवारी सोलापुरात पाहुणा आलाच नाही.

पद्मजा गज्जमला आधी वाटलं, यंत्र अडकलं असावं. जोखीम अभ्यास केंद्रात आल्यावर ती रोज पहिल्यांदा शहराचा नकाशा उघडायची. नकाशावर लाल ठिपके असत. कधी रेल्वे स्टेशनपाशी दाट, कधी मंडईत, कधी कोर्टाच्या आवारात, तर कधी एखाद्या शाळेच्या फाटकाशी दोनचारच. आज नकाशा कोरा होता. तिने सगळं बंद करून पुन्हा चालवलं आणि चहा पिऊन परत आली. नकाशा कोराच होता.

हे ठिपके म्हणजे खरे हल्ले नव्हते. ते होण्याआधीच ओळखावेत यासाठी केंद्राने संगणकात एक दुसरं सोलापूर उभं केलं होतं. तेच रस्ते, तेच चौक, तेवढीच माणसं. त्या शहरात रोज दहा लाख हल्लेखोर सोडले जात. केंद्रातल्या कुणीतरी त्यांना ‘पाहुणा’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव रूढ झालं.

पाहुण्याची गरज का पडली, हे पद्मजा नव्या लोकांना नेहमी एकाच उदाहरणाने सांगायची. पुराचा अंदाज बांधणं सोपं आहे, कारण आपण काय अंदाज बांधलाय हे नदीला कळत नाही. आपण इकडे बांध घातला म्हणून ती चिडून तिकडच्या गावात शिरत नाही. माणूस शिरतो. स्टेशनवर पहारा बसवला की तो मंडईकडे वळतो, मंडईत बसवला की थिएटरकडे. तेव्हा नुसत्या जुन्या घटना मोजून भागत नाही. आपल्या विरुद्ध बाजूने विचार करणारा कुणीतरी मॉडेलच्या आत बसवावाच लागतो. पाहुण्याला थोडा पैसा दिलेला असे, एखाददुसरा साथीदार, शहराची माहिती, पुष्कळ चिकाटी आणि एक उद्दिष्ट. मग जिथे जास्त पाहुणे जातील तिथे जोखीम जास्त.

सगळं घोडं अडलं होतं ते त्या उद्दिष्टापाशी. पाहुण्याला हवंय तरी काय? पहिल्या मॉडेलमध्ये त्याला जास्तीत जास्त माणसं मारायला सांगितलं होतं. पण खऱ्या जुन्या घटनांशी ते जुळेना. खरी माणसं भरगच्च जागा सोडून कधी एखादा लहानसा बाजार निवडत, कधी आधी फोन करून कळवत, कधी काहीच न करता नुसती धमकी देत. पद्मजा तेव्हा कॉलेजातली संख्याशास्त्राची नोकरी सोडून केंद्रात नुकतीच आली होती. एका बैठकीत ती म्हणाली, “मेलेली माणसं हे त्याचं साधन आहे. त्याला हवी असतात ती जिवंत माणसं.” मग तिने व्याख्या लिहून दिली: ज्यांना स्वतःला काहीही झालेलं नाही, त्यांच्या वागण्यात भीतीने झालेला बदल म्हणजे दहशत; आणि तो बदल घडवण्यासाठी केलेली किंवा नुसती भासवलेली हिंसा म्हणजे दहशतवाद.

हा बदल मोजता येत होता. फोनमुळे कळायचं, की माणसं किती वेळा घराबाहेर पडतात, बाहेर किती वेळ रेंगाळतात, अनोळखी माणसाच्या किती जवळ बसतात. यातून भय-निर्देशांक निघायचा. पाहुण्याला आता एवढंच सांगितलं, की हा निर्देशांक वाढव. मॉडेल जुन्या घटनांशी चपखल जुळलं. पद्मजाचं सगळीकडे कौतुक झालं आणि तिलाही त्याचा अभिमान वाटला.

त्या मॉडेलच्या जोरावर सरकारने प्रत्येक फोनमध्ये ‘सावध’ नावाची सोय घातली. कुठेही गेलं की त्या जागेचा आकडा फोनवर दिसायचा, शून्यापासून शंभरपर्यंत. पन्नासच्या वर फोन थरथरायचा. सत्तरच्या वर थरथरायचा थांबतच नसे. गर्दी, उघडी दारं, अनोळखी चेहरे यांनी आकडा चढायचा. माणसं एखाद्या दारातून परत फिरली, तर त्यांना काहीतरी कळलं असेल असं धरून तो आणखी चढायचा. आणि पाहुणे कितीही कमी झाले तरी आकडा ठरावीक रेषेखाली उतरू द्यायचा नाही, असा नियम होता. ‘आता सुरक्षित आहे’ या वाक्याखाली सही करायला एकही अधिकारी तयार नव्हता.

त्या सोमवारी ती कोऱ्या नकाशाकडे बघत असताना केंद्राचे संचालक डॉ. उकिडवे तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते.

“शून्य?”

“दहा लाखांत एकही नाही, सर.”

उकिडव्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. “वर्षभर राज्यात कुठे काही झालेलं नाही,” ते म्हणाले. “आणि आता यंत्रही तेच म्हणतंय.”

“पण ते का आले नाहीत, ते बघायला हवं.”

“बघा की. पण आज नको. आजचा दिवस जरा बरं वाटू द्या.”

संध्याकाळी पद्मजा घरी निघाली, तेव्हा नवी पेठ नेहमीसारखीच होती. नेहमीसारखी म्हणजे गेल्या वर्षभरासारखी. दुकानं उघडी होती, पण शटर अर्ध्यावर. गिऱ्हाईक एकेक करून आत जाई. आतला बाहेर आला की दुसरा जाई. तलावाकाठच्या प्रत्येक बाकावर एकेक माणूस होता, आणि कुणी दुसरा जवळून गेला की पहिला न बोलता उठे. कुणी घाबरलेलं दिसत नव्हतं. फक्त भेळवाल्यापुढे उभं राहून मोठ्याने हसणारं कुणी उरलं नव्हतं. पद्मजाला त्याची सवय झाली होती.

ती कुलूप काढत होती, तेवढ्यात जिन्यात नसीम मुजावर आली. नसीम, तिचा नवरा दस्तगीर आणि मुलगी शिरीन खालच्या मजल्यावर राहायचे; नसीम शाळेत मराठी शिकवायची. दोघींची मैत्री वीस वर्षांची. पूर्वी नसीम बेल न वाजवता आत यायची, फ्रिजमधलं विरजण घेऊन जायची आणि जाताना चार गोष्टी ऐकवून जायची. आता ती जिन्यातच थांबली आणि तिने लग्नाचं कार्ड पुढे केलं.

“शिरीनचं. शनिवारी, गुलशन हॉलला.”

“आत ये की.”

“नको. खाली दस्तगीरच्या बहिणी आल्यात, पोरं आलीत. अख्ख्या बिल्डिंगचा आकडा चढलाय. चेअरमनने विचारलंय, पाहुण्यांची सोय दुसरीकडे होईल का म्हणून.” पाहुणे हा शब्द ऐकून पद्मजा दचकली. नसीमला ते कळायचं कारण नव्हतं. ती हसून म्हणाली, “कार्डं तीनशे वाटली. येतो म्हणणारे पुष्कळ आहेत. हॉलचा आकडा बघितलास? चौसष्ट. रिकाम्या हॉलचा चौसष्ट. शाळेतले लोक फोन करून सांगतात, बाई, आहेर घरी पाठवतो.”

ती गेल्यावर पद्मजाने हॉलचा आकडा उकलून बघितला. लोक कार्ड मिळालं की आधी हॉल शोधत, विजापूर वेशीचा पत्ता वाचत आणि बेत रद्द करत. रद्द केलेला प्रत्येक बेत आकड्यात भर घालत होता, आणि पुढचा माणूस तो वाढलेला आकडा बघून बेत रद्द करत होता. मॉडेलमध्ये धर्माचा रकाना नव्हता. तो लोकांच्या पायांत होता, आणि मॉडेल पाय मोजत होतं.

तिचा नवरा श्रीनिवास रात्री जेवताना म्हणाला, “तू जाणार?” त्याचं औषधांचं दुकान होतं. शिरीनला लहानपणी दम्याचा पंप कसा ओढायचा, ते त्यानेच शिकवलं होतं.

“जायला नको?”

“नको कुठे म्हणतोय? आकडा बघ, एवढंच म्हणतोय.”

दुसऱ्या दिवशी तिने पाहुण्यांचं डोकं उघडलं. प्रत्येक पाहुण्याने काय काय पर्याय तोलले, हे बघायची सोय होती. तिने त्यातला कुठलातरी एक घेतला. त्याच्याकडे सगळं होतं, सामान, साथीदार, वेळ. त्याने स्टेशनचा विचार केला होता: भीतीत वाढ, जवळजवळ नाही. मंडई: जवळजवळ नाही. शाळा: नाही. शेवटी एक पर्याय होता, ‘थांबणे’. सगळ्यात जास्त किंमत त्याला होती. तिने दुसरा पाहुणा उघडला, तिसरा उघडला. सगळे थांबले होते.

मग तिने निर्देशांक बघितला. तो काठोकाठ भरला होता. शहरात घाबरायचं शिल्लक असलेलं कुणी उरलंच नव्हतं. कुणाला इजा करून आणखी काय मिळणार? शिवाय ते भरलेलं भांडं भरलेलं ठेवायला त्याला काही करावं लागत नव्हतं. ते काम ‘सावध’ रोज, फुकट करत होतं. पाहुणा हरून गेला नव्हता. त्याचं काम झालं होतं, म्हणून तो बसला होता.

तिने नकली शहरातलं ‘सावध’ बंद करून बघितलं. काही दिवस पुढे सरकवले. माणसांचे करडे ठिपके घराघरांतून हळूहळू बाहेर आले, चौकात थांबले, एकमेकांजवळ सरकले. आणि मग शहरभर लाल ठिपके उठू लागले. तिने ‘सावध’ सुरू केलं. करडे ठिपके पांगले, लाल विझले. तिने पुन्हा बंद केलं. पुन्हा उठले. सुरू केलं. बसले. असं तिने किती वेळा केलं, तिला सांगता आलं नसतं. मध्येच तिच्या लक्षात आलं, की आपण हे चाचणी म्हणून करत नाही आहोत, पाहुण्यांनी सांगावं आणि आपण ऐकावं तसं करतो आहोत. तिने हात टेबलाखाली घेतला.

जाता जाता तिने ‘सावध’चा जोर अर्धा ठेवून बघितला. तेव्हा काही पाहुण्यांनी भलतंच केलं. त्यांनी हल्ला केला नाही, ते बसूनही राहिले नाहीत. एका बाकावर रिकामी पिशवी ठेवली आणि निघून गेले. निर्देशांक पुन्हा वर गेला. एवढ्या स्वस्तात एवढी भीती मिळवण्याचं तिला कधी सुचलं नसतं.

दुपारी चहाच्या वेळी कुणीतरी सांगितलं, सात रस्ता चौकातल्या बसस्टॉपवर बेवारस पिशवी सापडली, संध्याकाळपर्यंत रस्ता बंद राहील. नंतर कळलं, पिशवीत भाजीभाकरीचा डबा होता. गेल्या आठवड्यातही दोन सापडल्या होत्या. कुणीतरी विसरलं असणार, पोलीस म्हणाले. विसरलं कोण, ते कधीच कळलं नाही.

ती उकिडव्यांच्या खोलीत गेली आणि तिने सगळं सांगितलं.

“म्हणजे, गज्जम मॅडम,” ते शेवटी म्हणाले, “आता कुणी मरणार नाही, हे वाईट झालं असं तुम्ही मला सांगताय.”

“हल्ला थांबलेला नाही एवढंच सांगतेय, सर. आपल्या व्याख्येप्रमाणे तो रोज होतोय. फक्त करणारे आपण आहोत.”

“व्याख्या तुमची आहे.”

“म्हणून तर मलाच सांगावं लागतंय.”

उकिडवे उठून खिडकीपाशी गेले. “स्फोटानंतर माझ्या भाच्याला मी ओळखलं ते मनगटावरच्या घड्याळावरून,” ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. “बहिणीला आत नेलं नाही. मी एकटाच गेलो. भीतीने माणूस घरी परत येतो, मॅडम. चिडलेला येतो, एकटा पडलेला येतो, पण येतो. तुम्ही ‘सावध’ बंद केलंत आणि दहा लाखांतला एकच उठला, तर त्याच्या वाटेवर कोण असेल, ते तुम्ही ठरवणार का?”

पद्मजा उठली आणि आपल्या टेबलापाशी परत आली.

एक गोष्ट मात्र तिच्या हातात होती. ‘सावध’चा परिणाम मोजण्यासाठी दर महिन्याला एका भागातले फोन एक दिवस गप्प ठेवले जात. तिथल्या लोकांना सांगायचं नाही, नाहीतर मोजमाप बिघडतं. भाग निवडायचा पद्मजाने. ती आजवर सुट्टीच्या दिवशी औद्योगिक वसाहत निवडत आली होती, कारण तिथे तेव्हा चिटपाखरूही नसतं. या वेळी तिने विजापूर वेशीचा परिसर निवडला, शनिवार.

पण नसीमला न विचारता हे करणं तिला जमेना. शुक्रवारी संध्याकाळी ती खाली गेली. घर माणसांनी भरलं होतं, मेंदीचा वास येत होता, आणि कपाटावर ठेवलेला कुणाचातरी फोन सारखा थरथरत होता. तिने नसीमला स्वयंपाकघरात नेलं आणि जे सांगायला बंदी होती ते सांगितलं.

“उद्या फोन गप्प राहतील. लोक येतील मग. पण लोक आले, जवळ बसले, हसले, की हल्लेखोराने त्या जागेवर यावं असं काहीतरी तयार होतं. आज धोका शून्य आहे, नसीम. उद्या शून्य राहणार नाही. फार थोडा असेल. पण शून्य नसेल.”

नसीम लसूण सोलत होती. तिचे हात थांबले नाहीत. “शिरीन पोटात असताना डॉक्टरीणबाईंनी धोक्याचं असंच सांगितलं होतं. फार थोडं आहे, पण शून्य नाही.” तिने सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. “तू येणार आहेस का?”

“येणार.”

“मग राहू दे गप्प.”

शनिवारी ऊन चांगलंच तापलं होतं. हॉलच्या फाटकाबाहेर लोक फोन हातात धरून घोळक्याने नाही, तर सुटेसुटे उभे होते. फोन गप्प होते, आणि त्या गप्पपणाचीच त्यांना भीती वाटत होती. “रेंज गेली का हो?” एकाने दुसऱ्याला विचारलं. गेल्या वर्षभरात त्याने अनोळखी माणसाला विचारलेला तो बहुधा पहिला प्रश्न असावा. दुसऱ्याने आपला फोन दाखवला. दोघं थोडा वेळ दोन्ही फोनांकडे बघत राहिले आणि मग एकमेकांच्या मागोमाग आत शिरले.

आत लोक दोन दोन खुर्च्या सोडून बसले. पण हॉलमध्ये कूलर चारच होते. एक जाडजूड गृहस्थ घामाने निथळत उठले, खुर्ची उचलून कूलरपाशी नेली आणि कुणाकडे न बघता दोन बायकांशेजारी बसले. कुणी उठून गेलं नाही. मग दुसरी खुर्ची सरकली, मग पाच, मग सगळीकडून फरशीवर खुर्च्या ओढल्याचा आवाज येऊ लागला. निकाह लागला तेव्हा चारही कूलरसमोर माणसांचे पुंजके झाले होते, आणि एका पुंजक्यात कुणाच्यातरी बोलण्यावर इतकं हसू फुटलं की काझीसाहेबांनीही तिकडे वळून बघितलं.

पद्मजाच्या पर्समध्ये केंद्राचा टॅब होता. चाचणी चालू असताना नोंदी बघणं तिचं कामच होतं; फोन गप्प असले तरी मोजणं चालू असे आणि त्या दिवशी नकाशा क्षणोक्षणी बदलत असे. तिने तो मांडीवर उघडला. नकाशावर विजापूर वेशीपाशी पहिला लाल ठिपका उठला होता. हॉलमध्ये हसू वाढलं की ठिपके वाढत. शिरीन लाजत बाहेर आली, बायकांनी तिला घेरलं, ठिपके आणखी वाढले. पद्मजा एकदा समोर बघत होती, एकदा मांडीवर. समोर जे जे चांगलं चाललं होतं, ते ते तिकडे कुणालातरी आवडत होतं. एवढ्या माणसांत घाबरलेली ती एकटीच होती, आणि तिला हेही ठाऊक होतं, की तिची ही भीतीसुद्धा कुठेतरी मोजली जातेय आणि तेवढ्यापुरता एखादा पाहुणा परत खाली बसतोय. एक क्षण तिला वाटलं, उठून उभं राहावं आणि सगळ्यांना सांगून टाकावं. मग हॉल घटकेत रिकामा झाला असता.

तेवढ्यात श्रीनिवास दारात दिसला. दुकान बंद करून आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून.

“फोन वाजेना,” तो तिच्याजवळ येऊन म्हणाला. “आकडा उतरला असेल म्हटलं. शिरीनला बघून तरी यावं.”

पद्मजाने टॅब मिटला. आता सांगायला हवं होतं. तिने तोंड उघडलं, पण दस्तगीरभाईंनी लांबून हाक मारून श्रीनिवासला शाकाहारी पंगतीकडे नेलं, आणि थोड्या वेळाने तिने बघितलं तर तो बाह्या वर करून शेंगापोळ्या वाढत होता, आग्रह करकरून, पूर्वी घरच्या लग्नांत वाढायचा तसा. तिने त्याला सांगितलं नाही.

काही घडलं नाही. लोक ऊन उतरेपर्यंत बसले, काही त्यानंतरही. शिरीन बार्शीला, सासरी गेली. नसीम रडली. घरी जाताना श्रीनिवास गुणगुणत होता.

रविवारी फोन पुन्हा बोलू लागले. पण लग्नाला गेलेल्या माणसांनी थरथरणारा फोन बघितला, खिशात घातला आणि ती बाहेर पडली. सोमवारी ती शेजाऱ्यांना घेऊन बाहेर पडली. निर्देशांक विजापूर वेशीपाशी उतरला तो परत चढलाच नाही, उलट उतार आजूबाजूच्या पेठांत पसरत गेला. बुधवारी सकाळी पद्मजाने नकाशा उघडला तेव्हा शहरात पाहुणे परत आले होते.

पण ते स्टेशनवर नव्हते, मंडईतही नव्हते. ठिपके गुलशन हॉलच्या गल्लीत होते, नसीमच्या शाळेपाशी होते, श्रीनिवासच्या दुकानासमोर होते. सगळ्यात दाट होते तिच्या स्वतःच्या बिल्डिंगवर. तिने एका पाहुण्याचा विचार उघडला. तर्क सरळ होता. जो घाबरलेलाच आहे त्याला घाबरवून काही मिळत नाही. जो घाबरायचं थांबला, त्याला पुन्हा घाबरवलं की सगळं शहर बघतं.

उकिडवे मागे उभे होते. ते किती वेळ उभे होते, कोण जाणे.

“औद्योगिक वसाहत सोडून तुम्ही हा भाग का निवडलात?” त्यांनी विचारलं.

“मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं.”

ते रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि नकाशाकडे बघत राहिले. “खरं सांगितलंत, बरं केलंत. चौकशी होईल. उद्यापासून येऊ नका.” मग म्हणाले, “मला आता ‘सावध’चा आवाज वाढवावा लागणार. तुम्हाला कळतंय ना? हे ठिपके बघून मी दुसरं काय करू?”

“कळतंय, सर.”

“ते परत बसतील. माझी खात्री आहे.” पण त्यांच्या आवाजात खात्री नव्हती. ठिपक्यांपेक्षा दुसरंच काहीतरी त्यांना दिसलं असावं, कारण ते हलक्या आवाजात म्हणाले, “त्या हॉलमध्ये एवढं हसत होते का लोक?”

त्या संध्याकाळी तिने श्रीनिवासला सगळं सांगितलं. चाचणी, ठिपके, आणि त्याला दारात बघूनही आपण गप्प बसलो ते. तो उठून गॅलरीत गेला. दोन दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानाला जायच्या आधी चपला घालता घालता तो म्हणाला, “नसीमला विचारलंस. मला नाही.”

“विचारलं असतं तर आला असता?”

“नसतो आलो.” त्याने एक चप्पल घातली आणि दुसरी तशीच राहिली. “मी त्या पोळ्या वाढत होतो ना, तेव्हा मला वाटलं, आपण सुरक्षित आहोत म्हणून आपल्याला एवढं बरं वाटतंय. आता कळलं, सुरक्षित नव्हतो. तरी बरं वाटत होतं. या दोन्हीचं एकत्र काय करायचं, ते मला कळत नाही, पद्मा.”

तो गेला. जेवायला दुपारी घरी आला, पूर्वीसारखं बोलला, पण त्या दिवसापासून ती काहीही सांगू लागली की तो क्षणभर तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघायचा.

उकिडव्यांनी आवाज वाढवला. फोन आता चाळीसलाच थरथरू लागले. काही लोक घरात परतले, काही नाही. तलावाकाठच्या एखाददुसऱ्या बाकावर दोघं बसलेले दिसू लागले. शहरात काही घडलं नाही. उद्या घडेल का, हे सांगणारा नकाशा आता पद्मजाला बघता येत नव्हता, आणि नसीमला वाटायचं, ती त्यातून सुटली, पण पद्मजाला मुळीच सुटल्यासारखं वाटत नव्हतं. पूर्वी पाहुणे कुठे आहेत ते तिला दिसायचं. आता ते कुठेही असू शकत होते.

पावसाळ्याच्या तोंडावर ती एकटीच बार्शीला निघाली. नसीमची शाळा सुरू झाली होती आणि शिरीनसाठी लोणच्याची बरणी पोचवायची होती. एसटीत दहाबारा माणसं होती, प्रत्येक जण आपापल्या बाकावर, मधले बाक मोकळे. वैरागला गाडी थांबली आणि तिशीतला एक माणूस चढला. दाढी वाढलेली, सदरा धुतलेला पण चुरगळलेला. त्याने दारात उभं राहून सगळ्या मोकळ्या बाकांवरून नजर फिरवली. मग मधल्या वाटेने चालत तो तिच्या बाकापाशी आला आणि थांबला.

तिच्या पर्समधला फोन थरथरू लागला. पुढची माणसं वळून बघू लागली. कंडक्टरचा तिकीट फाडणारा हात थांबला.

“बसू का इथं?” तो म्हणाला.

“जागा पुष्कळ आहे की.”

“हाय. पण एकटं बसवत न्हाई हो आता.”

पद्मजाने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. दहा लाख पाहुण्यांचे विचार तिने वाचले होते, पण त्यातल्या एकालाही चेहरा नव्हता. दहा लाख माणसं काय करतील, हे तिला सांगता आलं असतं. समोर उभा असलेला एक माणूस काय करील, हे सांगणारं कुठलंच गणित तिला येत नव्हतं. तो उभाच होता, एका हाताने वरची दांडी धरून, आणि तिच्या उत्तराची वाट बघत होता.

तिची भीती गेली नव्हती. ती तशीच घेऊन पद्मजा खिडकीकडे सरकली, लोणच्याची बरणी मांडीवर घेतली आणि त्याला जागा करून दिली.